आईंच्या वडिलांचे तीन फोटो

अशोकचं वर्षश्राद्ध झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी कपाटातून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. आत तीन जुने फोटो होते. मी त्यांना आई म्हणते. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेली, पण हे फोटो मी पाहिले नव्हते. अशोकनंही पाहिले नसावेत.

आईंचे वडील जर्मन होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कुणी बोलत नसे. त्यांचं नाव रुडॉल्फ. ऐन तारुण्यात ते हिंदुस्थानात आले. विहिरींवर ऑइल इंजिनं बसवून देणं हे त्यांचं काम. सांगलीच्या पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात फिरताना त्यांनी हौसाबाई नावाच्या धनगर मुलीशी लग्न केलं. आई ही त्यांची एकुलती मुलगी. मग दुसरं महायुद्ध सुरू झालं. सरकारनं जर्मन माणसांना पकडून साताऱ्याला नजरकैदेत ठेवलं. त्यानंतरचं आईंना एकच वाक्य ठाऊक होतं, त्यांच्या आईनं सांगितलेलं: ते बायकोपोरीला सोडून आपल्या देशात पळून गेले.

आई पुण्यात वसतिगृहात शिकल्या, शिक्षिका झाल्या, निवृत्त झाल्या. आता पंच्याऐंशी ओलांडून गेल्या आहेत. अशोकचे डोळे घारे होते, आजोबांसारखे. त्यानं एकदा जर्मनीतल्या दोन-तीन कचेऱ्यांकडे चौकशी केली होती, तेव्हा आई म्हणाल्या होत्या, पळून गेलेल्या माणसाला शोधून काय करायचंय. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही.

आणि आता त्याच म्हणाल्या, "सुनंदा, तुला वाचायची, शोधायची सवय आहे. ते मला टाकून गेले का, एवढंच मला कळू दे. पुरावा मिळाला तर मिळाला. उगाच माझी समजूत घालायला काही सांगू नकोस."

मी फोटो खिडकीशी नेऊन पाहिले. एकात टोपी घातलेला उंच माणूस विहिरीवरच्या इंजिनाशेजारी उभा होता. दुसऱ्यात एका लांबलचक इमारतीपुढे गोरी माणसं ओळीत उभी होती, मागे डोंगर. तिसरा स्टुडिओतला: लुगडं नेसलेली तरुण बाई, मांडीवर मूल, शेजारी रिकामी खुर्ची. अशोक जर्मनीत आपली मुळं शोधत होता. पण हे तिन्ही फोटो इथले होते. मी साताऱ्याचं तिकीट काढलं.

वाई

सरळ साताऱ्याला जायचं सोडून मी आधी वाईला उतरले. शिरवळ मागे पडेपर्यंत माझं ठरत नव्हतं. अशोकच्या अस्थी आम्ही वाईच्या घाटावरून सोडल्या होत्या. नोव्हेंबरात नदीला पाणी बेताचं होतं. घाटावर बायका गोधड्या आपटत होत्या आणि एक गुरुजी पायरीवर बसून मोबाइलवर कुणाशी तरी तारखा आणि दक्षिणा ठरवत होते. मला पाहून त्यांनी भुवया उंचावल्या, म्हणजे काही विधी आहे का. मी मान हलवली. पाण्यात पाय बुडवून थोडा वेळ बसले आणि उठले. त्या जागी मला काहीच वाटलं नाही. नदी पुढे निघून गेलेली होती.

सातारा

फोटोतला डोंगर अजिंक्यतारा असणार, हे कुणीही सांगितलं असतं. सपाट माथा, खाली उतरत गेलेली सोंड. मी रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला फोटो दाखवून म्हटलं, हा डोंगर असा जिथून दिसतो तिथं न्या. तो चाळिशीचा, बोलका गृहस्थ होता. म्हणाला, मावशी, डोंगर सगळीकडनं दिसतोय, तुमी नुसतं बसा.

सकाळभर आम्ही फिरलो. किल्ला कुठूनही फोटोतल्यासारखा दिसेना. फोटोत लांब सोंड डावीकडे होती, प्रत्यक्षात ती उजवीकडे येई. शहराला वळसा घालून पलीकडच्या अंगाला गेलो, तर माथ्याचा आकारच बदलला. रिक्षावाला शेवटी म्हणाला की इंग्रजांनी डोंगर फिरवून ठेवला असंल. दुपारी एका टपरीवर चहा घेताना मी फोटोतली माणसं पहिल्यांदा नीट पाहिली. तोवर डोंगरच बघत होते. सगळ्या पुरुषांच्या कोटांची बटणं बायकांच्या पोलक्यासारखी उलट्या बाजूला होती. सगळ्यांचीच. फोटो छापताना निगेटिव्हची काच उलटी लागली होती.

मी फोटो रिक्षाच्या बाजूच्या आरशापुढे धरला. आरशात अजिंक्यतारा जागेवर आला. रिक्षावाला वाकून बघत म्हणाला, "आवं, हे तर सकाळी आपण पयल्यांदा थांबलो तिथलंच हाय की."

तिथं आता गाळे आहेत आणि मागे एक अपार्टमेंट. लांब इमारतीचा मागमूस नाही. गाळ्यांतल्या एका औषधवाल्यानं मला शेजारच्या गल्लीतल्या निवृत्त इतिहासशिक्षकांकडे पाठवलं. त्यांच्या पत्नीनं कंदी पेढे पुढे ठेवले आणि मी गोड खात नाही म्हटल्यावर विचारलं, पथ्य आहे की सुतक. मी म्हटलं, वर्ष होऊन गेलं. मग घ्या, त्या म्हणाल्या. मी घेतला.

सरांनी लहानपणी वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं. नजरकैदेतली काही माणसं शब्दावर सोडलेली असत. गावात फिरावं, हद्द ओलांडू नये, ठरल्या वेळी हजेरी द्यावी. बाजारात त्यांची मुलं भोवरे घ्यायला येत. युद्ध संपल्यावर बहुतेकांना जहाजात बसवून परत पाठवलं. "बहुतेकांना," त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून जोडलं, की त्यांच्याजवळ नावं नाहीत, नुसतं ऐकीव आहे.

जुन्या ख्रिस्ती दफनभूमीतही मी जाऊन आले. गवत कमरेएवढं. जी नावं वाचता आली, त्यांत रुडॉल्फ नव्हते. संध्याकाळी लॉजवर मी छोट्या आरशात तो फोटो पुन्हा पाहिला. ओळीच्या टोकाला, इंजिनाच्या फोटोतलीच टोपी घालून, ते उभे होते. बाकीचे सगळे कॅमेऱ्याकडे पाहत होते, हे एकटे बाजूला. फोटो सुलटा केला की ती बाजू पूर्व ठरत होती, हौसाबाईंच्या मुलखाची. पण त्यावरून आईंना काय सांगणार. माणूस कुठं बघतो हा पुरावा नव्हे. पळून जायच्या आधीही माणूस कुठंतरी बघतच असतो.

सांगली

कराडला गाडी बदलली. पुलावरून कृष्णा-कोयनेचा संगम दिसला आणि मग दोन्हीकडे ऊस. सांगलीपर्यंत डोळ्यांना दुसरं काही मिळालं नाही. कारखाने सुरू झाले होते. रस्त्यावर ऊसतोडीच्या बैलगाड्या, हवेत मळीचा वास.

तिसऱ्या फोटोच्या पुठ्ठ्यावर सांगलीतल्या स्टुडिओचं नाव आणि पेठ उठवलेली होती. त्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मालक सदाभाऊ, साठीच्या आसपासचे. स्टुडिओ त्यांच्या आजोबांचा. जुन्या काचा पुराच्या पाण्यात गेल्या, असं त्यांनी सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचा हात भिंतीवर छातीच्या उंचीपर्यंत गेला. इथल्या माणसांना पूर आठवला की हात आपोआप त्या रेघेवर जातो.

बाईच्या फोटोवरून त्यांना काही उमगलं नाही. रिकाम्या खुर्चीबद्दल म्हणाले, नवरा परगावी असला की आजोबा तशी खुर्ची ठेवत. बाई सधवा आहे हे दिसावं म्हणून. नवरा वारलेला असला तर खुर्ची काढून टाकत.

म्हणजे फोटो काढला तेव्हा हौसाबाईंना आपला नवरा जिवंत वाटत होता. तो गेला होता, पण मेला नव्हता. आईंचंच म्हणणं खरं ठरत चाललं होतं.

मी पाकीट आवरायला घेतलं तर सदाभाऊंनी इंजिनाचा फोटो उचलून चष्म्याजवळ धरला. इंजिनामागे लांबवर एक दीपमाळ होती, वरचा भाग तुटलेला. ते हसायला लागले.

"ही माझ्या सासुरवाडीच्या वाटेवरची. आटपाडीच्या पुढं बिरोबाचं देऊळ हाय, तिथली. लगीन झाल्यापासनं दरसाल तिथं नारळ फोडतोय मी, आनि तो बी माझ्याच खिशातनं. विसरीन व्हय?"

आईंना त्यांच्या आजोळचं नाव कधी नीट आठवलं नव्हतं. आटपाडीकडं कुठंतरी, एवढंच. सदाभाऊंनी मेव्हण्याला फोन लावला. पलीकडून बराच वेळ आरडाओरडा ऐकू येत होता. शेवटी फोन ठेवून ते म्हणाले की त्या देवळापाशी एक धनगराचं घर आहे, त्यांच्या विहिरीवर सगळ्यांत आधी इंजिन आलं असं म्हणतात. निघताना त्यांनी भडंगाचा पुडा माझ्या पिशवीत कोंबला. तिकडं प्यायला पाणी मिळंल, म्हणाले, पण हॉटेल न्हाई.

आटपाडीच्या पुढे

तासगावपर्यंत द्राक्षांचे मांडव होते. विट्यानंतर हिरवं विरत गेलं. बाभळी, खडकाळ माळ, मधूनच डाळिंबाची बाग, आणि रस्त्याकडेला उभ्या राहून एसटीकडे बघणाऱ्या मेंढ्या. आम्ही पुण्याची माणसं मोकळ्या जमिनीला ओसाड म्हणतो. तिथं शेजारी बसलेल्या बाईंनी मला तोच माळ दाखवत सांगितलं, यंदा लय चांगलं हाय, गवत हाय.

देऊळ आणि तुटकी दीपमाळ फाट्यावरूनच दिसली. घर स्लॅबचं, पुढे पत्र्याची शेड, कोपऱ्यात वीस-पंचवीस मेंढ्या. अंगणात पांढऱ्या पटक्याचे एक म्हातारे खाटेवर बसले होते. मी म्हटलं, मी पुण्याहून आले, हौसाबाईंच्या मुलीची सून. ते उठून उभे राहिले. आत वळून हाक मारली, "आगं, पानी आन पायावर घालायला. लीलाक्काची सून आलीया."

हे बिरूमामा. हौसाबाईंच्या भावाचे थोरले चिरंजीव, म्हणजे आईंचे मामेभाऊ, त्यांच्याहून सात-आठ वर्षांनी लहान. त्यांच्या पत्नी ताईबाई. त्यांनी माझ्या पायांवर पाणी घातलं, मग हुलग्याचं माडगं आणि बाजरीची भाकरी दिली. माडग्याचा पहिला घोट मला तुरट लागला. दुसऱ्यापासून पोटात ऊब बसत गेली. मी जेवेपर्यंत कुणी कशाला आलीस हे विचारलं नाही. आमच्याकडे पाहुण्याला दारातच विचारतात.

मग मी विचारायचं ते विचारलं. ते पळून गेले का.

बिरूमामा मला देव्हाऱ्यापाशी घेऊन गेले. रविवार होता आणि देव धुवायचे राहिले होते. परातीत त्यांनी चांदीचे टाक मांडले. टाक म्हणजे तळहाताहून लहान पत्रे, त्यांवर देवाची किंवा घरातल्या मेलेल्या माणसाची आकृती ठोकलेली. आमच्या घरी गेलेली माणसं दक्षिणेच्या भिंतीवर हार घालून असतात. इथं ती देवांत बसतात. बिरोबा, खंडोबा, मग एकेक पूर्वज, सगळे घोड्यावर, हातात तलवार, भंडाऱ्यानं पिवळे झालेले. मामांनी एक टाक पुसून माझ्या हातावर ठेवला.

त्यावरचा घोडेस्वारही तसाच होता. तलवारही होती. पण त्याच्या डोक्यावर पागोट्याच्या जागी इंजिनाजवळच्या फोटोतली टोपी होती, पुढे किंचित वाकलेली.

"सोनाराकडं टोपीचा साचा कुठला असनार," मामा म्हणाले. "घोडा-तलवार साच्यातली. टोपी त्यानं फोटू बघून हातानं ठोकली. हे आमचं सायेब."

टाक जिवंत माणसाचा करत नाहीत, आणि परक्याचा तर नाहीच. हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी मी पुन्हा विचारलं.

त्यांनी वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं, सावकाश, मधे मधे थांबत. लीलाक्का अडीच-तीन वर्षांची असताना तिला देवी आल्या. फोड डोळ्यापर्यंत गेलेले. पोर राहत नाही असं सगळ्यांना वाटलं. कुणीतरी साताऱ्याला सांगावा धाडला. साहेब हजेरी चुकवून निघाले. रस्त्यानं पोलीस असतील म्हणून माळावरून, ओढ्यांतून चालत आले. आले तेव्हा अंगात ताप होता. दाराला लिंबाचे डहाळे लावलेले, म्हणजे बाहेरच्यानं आत यायचं नाही. ते उंबऱ्याबाहेर बूट काढून आत आले आणि पोरीजवळ बसले ते उठलेच नाहीत. पोरीचे फोड सुकायला लागले आणि यांचा ताप चढत गेला.

"पोर उठली," मामा म्हणाले, "आनि ह्यो आडवा झाला. माझ्या बानं ह्याच रानात माती दिली. पोलीस पाटील आला तवा सांगितलं, सायेब आला न्हाई, आपल्या मुलखाला पळाला असंल. खरं बोलायचं तर समदं घर आत गेलं आसतं."

हौसाबाईंनी कुंकू पुसलं नाही. पुसलं असतं तर गावाला कळलं असतं. सांगलीला जाऊन मुलीसह फोटो काढला, शेजारी खुर्ची ठेवून, कुणी विचारलं तर दाखवायला. मग पोरीला घेऊन पुण्याला गेल्या, दवाखान्यात आया म्हणून लागल्या. गोऱ्या कातडीची पोर सरकार काढून घेईल, याची त्यांना धास्ती होती. म्हणून पोरीलाही तेच सांगितलं. मोठी झाल्यावर सांगायचं होतं. आई शाळेत असतानाच हौसाबाई वारल्या.

मी विचारलं, तुमच्यापैकी कुणी का नाही सांगितलं. एवढी वर्षं.

मामांना माझा प्रश्न कळेना. ताईबाईंनीच उत्तर दिलं. त्यांच्या घरात कोण कोण मेलं हे कुणी कुणाला बसवून सांगत नाही. दसऱ्याला देव न्हाऊ घालताना एकेकाचं नाव घेतात, पोरंबाळं भोवती बसलेली असतात, त्यांना कळतं. "आमी म्हनायचो, लीलाक्का येईल दसऱ्याला, आनि टोपी बघंल. दरसाल वाट बघायचो. ती कवा आलीच न्हाई, सूनबाई." त्यात दोष दिल्याचा सूर नव्हता.

आई यायच्या कशा. गावाचं नावही त्यांना आठवत नव्हतं, आणि टाकून गेलेल्या बापाच्या खुणा शोधत कोण जातं.

मामांनी परात मधे घेतली आणि पाण्याची लोटी माझ्या हातात दिली. ते नाव घेत, मी पाणी घाली. भिवा. धुळा. सिदू. टोपीच्या टाकापाशी ते थांबले. म्हणाले, ह्येचं नाव आमाला न्हाई ठावं. बा नुसतं सायेब म्हनायचा. ऐंशी वर्षं नाव न घेताच पाणी घालत आले होते.

मी म्हटलं, "रुडॉल्फ."

त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. नीट जमलं नाही, पण चाललं. ताईबाईंनी भंडारा लावला. मग त्यांनी मला विचारलं की लीलाक्काचा ल्योक, तुमचा मालक, त्याचं नाव काय. त्याचा टाक इथं नव्हता, परातीत त्याची जागा नव्हती, तरी त्या माझ्या हातातली लोटी घेऊन वाट बघत राहिल्या. वर्षभर मी ते नाव कागदांवर लिहीत होते, मृत्यूचा दाखला, बँक, पेन्शन. तोंडानं घेतलं नव्हतं. मी ते घेतलं. त्यांनी परातीच्या मोकळ्या कडेला पाण्याची धार सोडली.

रानात साहेबांना माती दिली त्या जागी पाच दगड आहेत आणि वरून डाळिंबाच्या बागेची ठिबकची नळी वळवून नेलेली आहे, जागा सोडून. मी फोटो काढला. आईंना पुरावा हवा होता.

पुणे

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईंच्या समोर बसून सगळं सांगितलं. काही वाढवलं नाही. टाकाचा आणि दगडांचा फोटो मोबाइलवर मोठा करून दाखवला. त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला. मग उजव्या डोळ्याखालचा वण बोटानं चाचपला. तो वण पडल्याचा असं त्या मला नेहमी सांगत आल्या होत्या.

"बूट काढून आत आले?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

त्या सुटल्यासारख्या दिसतील असं मला प्रवासभर वाटत होतं. तसं झालं नाही. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी त्यांच्यावर रागावले होते, तो राग आता कुठं ठेवू? अशोकला मी सांगितलं, तुझा आजोबा पळपुटा. तो तेच खरं धरून गेला." मी चहा केला. त्यांनी तो निवू दिला.

दिवेलागणीच्या सुमारास त्यांनी मला हाक मारली. केस विंचरलेले होते, इस्त्रीची साडी नेसल्या होत्या. म्हणाल्या, बिरूला फोन लाव. मी लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडे मामांचा खणखणीत आवाज, कोण बोलतंय म्हणून विचारणारा. मागे मेंढ्या ओरडत होत्या.

आई ताठ बसल्या. शाळेत, बँकेत, लग्नाच्या मांडवात त्यांना वडिलांबद्दल विचारलं गेलं तेव्हा त्या दर वेळी ‘सोडून गेले’ एवढंच सांगत आल्या, ते मला माहीत आहे. ते त्यांनी सांगितलं नाही.

"मी लीला," त्या म्हणाल्या. "साहेबांची मुलगी."